गॅस की गॅसलेस? मुंबईत घरगुती मिग वेल्डिंग सुरू करणाऱ्यांसाठी

नागदेवी स्ट्रीटवरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात 'घरच्या कामाला मिग मशीन दाखवा' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'गॅसवालं की गॅसलेस?' (मिग म्हणजे बटण दाबलं की रिळावरची वायर आपोआप पुढे येऊन वितळते आणि जोड धरते, ते वेल्डिंग.) नवखा माणूस इथेच अडतो आणि शेवटी दुकानदार जे पुढे करेल ते घेऊन घरी येतो. दुकानात जाण्याआधी घरी बसून उत्तर ठरवता यावं, म्हणून हा लेख. माझ्या मते मुंबईत ही निवड मशीनकडे बघून करूच नये. वेल्डिंग कुठे करणार, तिथे वारा किती, सिलिंडर ठेवायला जागा आहे का आणि सॉकेट किती अँपिअरचा, एवढं पाहिलं की निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं.

आधी एवढं समजून घ्या

वेल्डिंगच्या वेळी लोखंड साधारण दीड हजार अंशांवर वितळतं. अशा वितळलेल्या धातूला हवा लागली की ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यात शिरतात. थंड झाल्यावर तो जोड आतून जाळीदार आणि ठिसूळ होतो, म्हणून तेवढे क्षण त्या जागेवरून हवा दूर ठेवावी लागते. गॅस आणि गॅसलेस या दोन्ही पद्धती हेच काम करतात, फक्त वेगवेगळ्या मार्गाने.

गॅसच्या पद्धतीत वायर भरीव असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. दुकानात तिला 'सॉलिड वायर' म्हणतात. पुडक्यावर बहुतेक वेळा ईआर७०एस-६ असं लिहिलेलं असतं. टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या बटणवाल्या भागाच्या, नॉझलमधून कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण बाहेर पडतं आणि वितळलेल्या थेंबाभोवती त्याचं आवरण तयार होतं.

गॅसलेसमध्ये वायर पोकळ असते आणि तिच्या पोटात फ्लक्सची भुकटी भरलेली असते. आर्कच्या, म्हणजे वायर आणि लोखंडामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या, उष्णतेने ही भुकटी जळते आणि स्वतःच संरक्षक वायू तयार करते. शिवाय जोडावर स्लॅगची खपली धरते, ती नंतर हातोडीने आणि तारेच्या ब्रशने काढायची. रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडच्या बाहेर जे लेपण असतं, ते इथे वायरच्या आत असतं.

दोन्ही प्रकारांत बटण दाबलं की वायर आपोआप पुढे येते, म्हणून शिकणाऱ्याला रॉडपेक्षा हे सोपं जातं. मात्र महिन्या-दोन महिन्यांतून एखादा गेटचा बिजागर किंवा जाड अँगल जोडायचा एवढीच गरज असेल, तर साधं इन्व्हर्टर आर्क मशीन आणि अडीच मिलिमीटरचे ६०१३ रॉड पुरतात. त्यासाठी मिगवर पैसे घालू नका. मिगचा खरा फायदा पातळ चौकोनी पाइप आणि पत्र्याच्या कामात आहे.

पायरी १: जागा ठरवा

फ्लॅटच्या आत, बंद खोलीत वेल्डिंग करायचंच नाही. गॅसचं नाही आणि गॅसलेसचंही नाही. ठिणग्या पडद्यापर्यंत पोहोचतात, धूर घरात कोंडतो आणि ग्राइंडरची बारीक लोखंडी भुकटी गादीत जाऊन बसते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही हेच लागू आहे. मग उरतात सोसायटीची गच्ची, इमारतीखालची पार्किंगची जागा, तळमजल्यावरचा गाळा, किंवा वसई, कर्जत, अलिबागकडे घर असेल तर तिथलं अंगण.

गच्ची म्हटली की वारा आलाच. गॅसचं आवरण फार नाजूक असतं. वाऱ्याचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर गेला की ते विस्कटू लागतं आणि जोडात भोकं पडतात. वेग मोजायला यंत्र लागत नाही. वारा चेहऱ्याला जाणवतोय आणि जवळच्या झाडाची पानं सळसळताहेत, म्हणजे गॅसच्या वेल्डिंगला तो जास्त झाला. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा गच्चीवर रोजच याहून जोरात असतो. प्लायवूडचा आडोसा लावून काम होतं, पण आडोसा प्रत्येक जोडाबरोबर हलवत बसावं लागतं. गॅसलेसला अशा वाऱ्याचा त्रास खूपच कमी. गच्चीवर काम करणाऱ्याला मी बिनदिक्कत गॅसलेस सुचवतो.

आता सिलिंडरचा मुद्दा. नवखे लोक हा सगळ्यात हलक्यात घेतात, म्हणून इथे जरा थांबतो. एक किलो कार्बन डायऑक्साइडपासून नेहमीच्या तापमानाला साधारण ५४० लिटर वायू तयार होतो. म्हणजे पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे २,७०० लिटर वायू असतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. रात्री व्हॉल्व्ह झिरपला आणि खिडक्या बंद असतील, तर सकाळपर्यंत त्या खोलीतल्या हवेत नऊ-दहा टक्के कार्बन डायऑक्साइड होऊ शकतो. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, आणि आपल्याकडे माणसं झोपतात जमिनीवरच. आर्गॉनही हवेपेक्षा जड आहे आणि त्याला वासही नाही. त्यामुळे ज्या घरात माणसं झोपतात तिथे वेल्डिंगचा सिलिंडर ठेवायचा नाही. छोटा असला तरी नाही, एका रात्रीपुरताही नाही. हवेशीर गाळा किंवा बाहेरची कुलूपबंद, जाळीची जागा असेल तरच गॅसचा विचार करा.

सिलिंडर आणण्या-नेण्याचाही विचार करून ठेवा. लोकलमध्ये गॅसचा सिलिंडर न्यायला मनाई आहे. बंद गाडीच्या डिकीत आडवा टाकून नेणं धोक्याचं. लिफ्टमध्ये माणसांबरोबर नेऊ नये, कारण अडकलेल्या लिफ्टमध्ये गळती झाली तर पळायला जागा नसते. मग चौथ्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत तो कोण आणि कसा नेणार, याचं उत्तर आधी शोधा. उत्तर नसेल तर तुमची निवड झालीच आहे.

सोसायटीत काम करणार असाल तर कमिटीची लेखी परवानगी घ्या. वीज सोसायटीच्या मीटरवरून घेणार असाल तर तेही त्यात लिहा. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. वेल्डिंग मशीन फार आवाज करत नाही, खरा गोंगाट ग्राइंडरचा असतो. शेजाऱ्यांना वेळ सांगून, दुपारची झोपेची वेळ टाळून कटिंग आणि ग्राइंडिंग एकदम उरका.

पायरी २: सॉकेट आणि वायरिंग

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुप आणि ठाण्याकडे महावितरण. कंपनी कुठलीही असो, घरात येते ती २३० व्होल्टची सिंगल फेज वीजच. प्रश्न असतो अँपिअरचा.

मशीनवर '२०० अँपिअर' लिहिलेलं असतं ते टॉर्चकडे जाणाऱ्या करंटबद्दल. भिंतीतून ते किती ओढतं हा वेगळा हिशोब आहे. मिगमध्ये १०० अँपिअरला साधारण १९ व्होल्ट लागतात, म्हणजे १.९ किलोवॉट. साध्या इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतून सुमारे १५ अँपिअर जातात. गिझर-एसीचा १६ अँपिअरचा सॉकेट इथे संपला. १६० अँपिअरवर चालवायचं तर भिंतीतून २५ अँपिअरच्या वर करंट लागतो. त्यासाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि लायसन्स असलेला वायरमन लागतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर मिग मशीन लावायचंच नाही.

जुन्या इमारतीत आधी अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. गच्चीवर एक्स्टेन्शनने वीज नेणार असाल तर केबल किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची हवी, अंतर जास्त असेल तर चार. आणि केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नका. पूर्ण उलगडा, नाहीतर आतल्या वेटोळ्यांत ती तापते आणि वितळते.

पायरी ३: काय जोडणार आहात?

पोलादाच्या दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर, हा नवख्यासाठी पुरेसा अंदाज आहे. दोन मिलिमीटरचा पाइप म्हणजे ८० अँपिअर, तीन मिलिमीटरची पट्टी म्हणजे १२०. आता मागचा हिशोब जोडा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे टॉर्चला १०० अँपिअरवर, तुम्ही अडीच मिलिमीटरपर्यंतचं काम नीट करू शकता. कुंड्यांचं स्टँड, शूरॅक, टेबलाचे पाय, कपडे वाळत घालायची फ्रेम, कामाचा बाक, सगळं यात बसतं.

बाजारात जाडी गेजमध्ये सांगतात: २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, १६ म्हणजे १.६ आणि १४ म्हणजे २. स्वस्त फर्निचरचा पाइप बहुधा १८ किंवा २० गेजचा असतो, आणि गॅस-गॅसलेसचा फरक इथे सगळ्यात जास्त जाणवतो. आर्गॉन मिश्रणाचा गॅस आणि ०.८ मिलिमीटरची सॉलिड वायर यांनी २० गेजचा पत्रा शांतपणे जोडता येतो. गॅसलेसची आर्क जास्त आक्रमक असते. १८ गेजवर हात बसेपर्यंत भोकं पडत राहतात आणि २० गेजवर नवख्याची दमछाक होते. गॅसलेसनेच सुरुवात करणार असाल तर पहिली कामं १६ किंवा १४ गेजच्या पाइपवर करा. थोडं वजन वाढेल, पण शिकणं होईल.

गाडीचा गंजलेला पत्रा बदलायचा हा तुमचा मुख्य उद्देश असेल तर मात्र गॅसच घ्या, आणि त्यासाठी गाळा शोधा. तिथे तडजोड नको.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम सध्या बाजूला ठेवा. स्लायडिंग खिडकीचं ॲल्युमिनियम या मशीनने जोडायला जाऊ नका.

पायरी ४: मशीन

माझा सल्ला असा: गॅसलेसने सुरुवात करा, पण मशीन दोन्ही चालणारं घ्या. जागा पुढे बदलू शकते. आज गच्ची आहे, उद्या डोंबिवलीत गाळा मिळाला तर फक्त सिलिंडर आणि रेग्युलेटर घ्यावा लागेल. त्यासाठी दुकानात चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मशीनच्या मागे गॅसची नळी लावायचं नॉझल आहे का? नसेल तर ते कायमचं गॅसलेस मशीन आहे, त्यात नंतर गॅस जोडता येत नाही.

पोलॅरिटी बदलता येते का? सॉलिड वायर आणि गॅसला टॉर्च पॉझिटिव्हवर लागते. गॅसलेस वायरला टॉर्च निगेटिव्हवर आणि अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हवर. वायरच्या कप्प्यात किंवा पुढच्या पॅनलवर ही जोडणी उलटवायची सोय हवी. काही फार स्वस्त गॅसलेस मशीन एसी करंट देतात. त्यांची आर्क भडकते आणि ठिणग्या आवरत नाहीत, ती घेऊ नका. दुकानदाराला सरळ विचारा, 'आउटपुट डीसी आहे ना?'

टॉर्च सुटी होते का? युरो कनेक्टरची टॉर्च असेल तर खराब झाल्यावर दुसरी सहज मिळते. कायमची जोडलेली टॉर्च बिघडली की अख्खं मशीन पडून राहतं.

ड्यूटी सायकल किती? '१०० अँपिअरला ६० टक्के' म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. काही कंपन्या हा आकडा थंड हवेत मोजून छापतात. मे महिन्यात गच्चीवर तेवढा मिळणार नाही, मशीन लवकर तापेल. मशीन तापल्याचा, म्हणजे थर्मलचा, दिवा लागला तर मशीन बंद करू नका, पंखा चालू राहू द्या आणि थांबा.

एक किलो आणि पाच किलो, दोन्ही आकाराची रिळं बसतात का तेही विचारा. एक किलोचं रीळ किलोमागे महाग पडतं, पण मुंबईच्या हवेत त्याचा एक मोठा फायदा आहे. तो पुढे सांगतो.

जुनं मशीन घ्यायला चोर बाजारात जाणं नवख्याने टाळावं. तिथे समोर चालवून दाखवतात ते दोन सेकंद, आणि मिगचे बहुतेक दोष दहा मिनिटं चालल्यावर दिसतात.

पायरी ५: वायर घेताना

इथे होणारी एक चूक फार महागात पडते. फ्लक्स भरलेली प्रत्येक वायर गॅसलेस नसते. ई७१टी-१ असं लिहिलेली वायर आतून फ्लक्सचीच असते, पण तिला बाहेरून गॅसही द्यावाच लागतो. ती जहाजबांधणीसारख्या मोठ्या कामांची वायर आहे. गॅसशिवाय चालवली तर जोडाची चाळण होते. तुम्हाला हवी ती ई७१टी-जीएस किंवा ई७१टी-११. जीएस ही एकाच थरासाठी असते, जोडावर दुसरा थर चढवायचा नाही. घरच्या पातळ कामाला ती पुरते. जाडसर कामात एकावर एक थर द्यायचे असतील तर ११ घ्या. नुसतं 'फ्लक्सवाली द्या' म्हणून पैसे देऊ नका, पुडक्यावरचा नंबर वाचा.

तसंच सॉलिड वायर गॅसशिवाय चालवायचा प्रयत्न करू नका. आर्क लागेल, धातू साठेल, आणि जोड हाताने तुटेल.

किमतीचं म्हणाल तर गॅसलेस वायर किलोमागे सॉलिडपेक्षा बरीच महाग असते. त्यातही फ्लक्स, स्लॅग आणि धुरात बराचसा भाग जातो. किलोभर वायरमधून जोडात पडतं ते साधारण ८०० ग्रॅम. उलट गॅसमध्ये वायर स्वस्त, पण सिलिंडरची अनामत, रेग्युलेटर, भरणं आणि वाहतूक यांचा खर्च आधीच होतो. महिन्यातून एखादा रविवार काम करणाऱ्याला गॅसलेस स्वस्त पडतं. रोज दोन-तीन तास जोडकाम असेल तर गॅस.

पायरी ६: मुंबईची दमट हवा

मशीनच्या माहितीपत्रकात हे कुणी लिहीत नाही. गॅसलेस वायरमधली फ्लक्स हवेतलं पाणी शोषते. जून ते सप्टेंबर रीळ मशीनमध्ये तसंच राहिलं तर ऑक्टोबरात पहिल्याच जोडावर किडा सरपटत गेल्यासारखे लांबट चरे उमटतात आणि बारीक भोकं पडतात. माणूस मशीनला दोष देतो, मेकॅनिककडे नेतो, आणि बिघडलेली असते ती वायर.

उपाय सोपा आहे. काम झालं की रीळ काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका. पाच किलोचं रीळ वर्षभर पुरतं, म्हणून ते वर्षभर खराबही होत राहतं. हौशी माणसाला एक किलोचं रीळ परवडतं ते यासाठी. वायरवर गंज दिसला तर वरची काही वेटोळी कापून टाका. तरीही तांबूस दिसत असेल तर रीळ फेकून द्या. गंजलेली वायर टॉर्चच्या लायनरमध्ये, म्हणजे वायर जाते त्या आतल्या नळीत, भुकटी सोडते आणि मग नवी वायरही अडकू लागते. सॉलिड वायरला तांब्याचा मुलामा असला तरी खाऱ्या हवेत तीही गंजते, म्हणून तिलाही झाकण हवंच.

ओल्या गच्चीवर वेल्डिंग नाही. पाऊस थांबला आहे, पण स्लॅब ओला आहे, तरीही नाही.

पायरी ७: गॅस घेणार असाल तर

साध्या लोखंडाला शुद्ध आर्गॉन घेऊ नका. तो टिग (टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग) आणि ॲल्युमिनियमसाठी असतो, लोखंडावर जोड वरवरचा बसतो. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण पातळ पाइपला सगळ्यात चांगलं. आर्क मऊ लागते, वितळलेल्या धातूचे छर्रे कमी उडतात. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त आहे आणि जोड खोल जातो, पण छर्रे जास्त. दोन मिलिमीटरच्या पुढच्या कामाला तो चालतो.

दहा लिटर पाण्याच्या क्षमतेचा आर्गॉन मिश्रणाचा सिलिंडर १५० बारला भरलेला असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटर धरले तर आर्क चालू असण्याची १५० मिनिटं मिळतात. घरच्या कामात आर्क थोडाच वेळ चालू असते, मापं, कटिंग आणि जुळवाजुळवीतच दिवस जातो. त्यामुळे हा सिलिंडर बरेच रविवार टिकतो. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, म्हणून त्याच्या गेजवरचा दाब शिल्लक गॅस सांगत नाही. द्रव संपेपर्यंत काटा फारसा हलत नाही आणि मग झपाट्याने पडतो. किती उरला हे बघायचं तर सिलिंडर वजन करूनच कळतं.

भरलेला सिलिंडर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख बघा. सिलिंडरांची ठरावीक काळाने दाबचाचणी व्हावी लागते. भारतात हे सगळं २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतं. तारीख उलटून गेलेला सिलिंडर स्वस्त मिळाला तरी नको. सिलिंडर नेहमी उभा ठेवा, भिंतीला साखळीने बांधा, हलवताना त्याच्या व्हॉल्व्हवर टोपी लावा. कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉनचे रेग्युलेटर वेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला जबरदस्तीने बसवू नका. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दर वेळी तपासा. काम संपलं की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, नुसता रेग्युलेटर नाही.

पायरी ८: मशीन लावणं आणि पहिला जोड

आधी पोलॅरिटी. वर सांगितलं ते पुन्हा बघा, कारण गॅसलेस वायर चुकीच्या पोलॅरिटीवर लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. मग रोलर, म्हणजे वायर पुढे ढकलणारी चाकं. सॉलिड वायरला गुळगुळीत व्ही आकाराची खाच, गॅसलेसला दातेरी खाच. रोलरवरचा आकडा आणि टॉर्चची टिप (जिच्यातून वायर बाहेर पडते ते टोक) दोन्ही वायरच्या जाडीशी जुळायला हवीत. गॅसलेस वायर पोकळ असते, त्यामुळे रोलरचा दाब जास्त दिला तर ती चेपते आणि टिपमध्ये अडकते. टॉर्च लाकडाच्या तुकड्यावर तिरकी धरून बटण दाबा. वायर लाकडाला टेकून वळत पुढे आली पाहिजे. वायर जागीच राहून रोलर घसरत असतील तर दाब थोडा वाढवा.

जोडाची जागा चकचकीत करा. रंग, तेल, गंज, सगळं ग्राइंडरने घासून काढा. क्लॅम्पही घासलेल्या लोखंडावरच लावा. जीआय पाइप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर इंचभर तरी घासा. जस्ताच्या पांढऱ्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. ब्रेक क्लीनरसारख्या क्लोरीन असलेल्या द्रावणाने लोखंड पुसून त्यावर आर्क लावू नका, विषारी वायू तयार होतो.

१४ गेजच्या भंगार तुकड्यावर ८० अँपिअर, १७-१८ व्होल्टपासून सुरुवात करा. गॅस असेल तर वायर टिपच्या बाहेर साधारण दहा मिलिमीटर ठेवा आणि टॉर्च पुढे ढकलत न्या. गॅसलेस असेल तर वायर पंधरा ते वीस मिलिमीटर बाहेर ठेवा आणि टॉर्च आपल्याकडे ओढत न्या, म्हणजे स्लॅग वितळलेल्या धातूच्या मागे राहतो. नजर उजेडावर ठेवू नका, त्याच्या मागे तयार होणाऱ्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा. ते दोन्ही तुकड्यांना धरतंय का, एवढंच बघायचं. आवाज एकसारखा चरचरता हवा. तडतड करत वायर टॉर्चला ढकलत असेल तर वायरचा वेग कमी करा. वायर टिपलाच जळून चिकटत असेल तर वाढवा.

जोड कापून बघण्याची सवय लावा. पहिले काही जोड ग्राइंडरने मधोमध कापा आणि दोन्ही तुकडे खरोखर एकजीव झालेत का ते तपासा. मिगमध्ये वरून देखणा आणि आतून सुटा जोड सहज तयार होतो. म्हणूनच खिडकीचं ग्रिल, गॅलरीचं रेलिंग, एसीच्या बाहेरच्या युनिटचं ब्रॅकेट, झोपाळ्याचं हुक ही कामं पहिल्या वर्षी स्वतः करू नका. खाली रस्त्यावर माणसं चालत असतात. पद्धतशीर शिकायचं असेल तर सरकारी आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे.

अंगावर काय घालायचं

आपोआप काळा होणारा हेल्मेट, या करंटला काचेचा गडदपणा, म्हणजे शेड, १० च्या आसपास. चामड्याचे हातमोजे, सुती जाड शर्ट, बंद बूट. टेरिकॉट नको, ते वितळून अंगाला चिकटतं. हातगाडीवर मिळणाऱ्या काळ्या गॉगलने आर्ककडे बघू नका. त्याने उजेड कमी दिसतो, पण चेहरा भाजतो आणि अतिनील किरणं बाजूने आत येतात. आर्कचा उजेड डोळ्यांना लागला की काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि पाणी वाहतं. तेव्हा बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. गच्चीवर खेळायला येणाऱ्या मुलांसाठीही आडोसा हवा, ती हमखास बघत उभी राहतात.

गॅसलेसचा धूर गॅसपेक्षा बराच जास्त असतो. मोकळ्या हवेतही वाऱ्याच्या बाजूने उभे राहा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही, आणि पी१०० किंवा निदान एन९५ दर्जाचा मास्क हेल्मेटच्या आत लावा. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

भोकं पडली तर

गॅसवर: सिलिंडर उघडला का, बटण दाबल्यावर फुसफुस ऐकू येते का, नॉझल छर्र्यांनी भरलंय का, वारा वाढलाय का, या क्रमाने बघा. गॅसचा प्रवाह वाढवत नेऊ नका. फार जास्त झाला तर तोच हवा आत ओढू लागतो. गॅसलेसवर: पोलॅरिटी, मग वायरचा ओलसरपणा, मग व्होल्टेज जास्त आहे का, मग वायर फार कमी बाहेर ठेवली आहे का. जवळजवळ प्रत्येक वेळी दोष या यादीतच सापडतो.

जोड झाला की स्लॅग कोपऱ्यांतूनही पूर्ण काढा, कारण त्यावर रंग टिकत नाही. आणि प्राइमर त्याच दिवशी मारा. मुंबईच्या खाऱ्या हवेत घासलेलं लोखंड एका रात्रीत लालसर होतं, मग पुन्हा घासावं लागतं. रेड ऑक्साइड चालतो. गच्चीवर किंवा समुद्राजवळ राहणार असलेल्या वस्तूला झिंकचं प्राइमर घ्या, आणि पाइपची उघडी तोंडं पट्टी जोडून बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून तो आतून सडतो.